करवतीचा टी-शर्ट आणि राणीसाहेबांचा एप्रन

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला आम्ही घरात करवत म्हणतो. तिला रीतसर नाव आहे, पण ते फक्त बँकेला आणि डॉक्टरला माहीत. बोलायला लागली तेव्हापासून ती कापतच बोलते. लहान असताना दारात आलेल्या पाहुण्यांना तिने विचारलं होतं, "जेवून आलात की इथेच जेवणार?" पाहुणे अर्थातच जेवायला आले होते. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले आणि तेव्हाच ठरवलं, ही पोरगी आपली.

अशा पोरीने पुढे धंदा कुठला निवडावा? केस कापायचा. म्हणजे जिथे दिवसभर गोड बोलून पोट भरायचं, तिथेच ही जाऊन उभी राहिली. धाकटी मला म्हणाली, "अगं ताई, लोक हिच्या हातात डोकं देतील का?" मी म्हटलं, "डोकं देतील गं, कान सांभाळतील म्हणजे झालं."

पार्लर तसं साधंच. एका बाजूला औषधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा. आत एका रांगेत खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आणि ड्रायरचा असा आवाज की शेजारणीची भांडणं ऐकायची तर ओठ वाचावे लागतात. यातली पहिली खुर्ची रस्त्याच्या काचेला लागून. तिथे उजेड येतो. उजेडात केसाचा खरा रंग कळतो, आणि येणारे-जाणारे काचेतून बघत असतात, म्हणून ती खुर्ची ज्याचा हात सगळ्यात चांगला त्यालाच मिळते. करवतीने तिथे पोचायला आधी जमिनीवरचे केस झाडले, मग बायकांची डोकी धुतली, धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली, मग शेवटच्या खुर्चीमागे उभी राहिली, आणि असं करत करत एक दिवस खिडकीत आली. त्या दिवशी मला फोन करून एवढंच म्हणाली, "मावशी, आता मला ऊन लागतंय." मी म्हटलं, "मग टोपी घाल." पण मला काय ते कळलं होतं. फोन ठेवल्यावर मी रडले, आणि हे तिला कुणी सांगू नका.

हात तिचा खरंच चांगला. माणूस खुर्चीत बसला की ती आधी डोक्याचा भोवरा शोधते. म्हणते, भोवऱ्याशी भांडलं की केस आठवड्यात उभे राहतात. आणि पांढऱ्या केसांवर तिचा विशेष जीव. माझ्यासारख्या कितीतरी जणींना तिने रंग सोडायला लावला. लावला म्हणजे काय, जबरदस्ती नाही. "सोडायचाय का? मग मी कापते असं की अर्धं काळं, अर्धं पांढरं असं मधलं ध्यान दिसायचं नाही," असं म्हणाली आणि तसंच केलं. हळूहळू खिडकीच्या खुर्चीपुढे पांढऱ्या डोक्यांची रांग लागायला लागली. मी त्यांना पलटण म्हणते. मीही त्यातलीच, सुभेदार.

मालकीणबाईंना सगळ्या मुली पाठीमागे राणीसाहेब म्हणतात. बाई वाईट नाही. स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलेलं, नवरा असून नसल्यासारखा. पण नियम फार. सगळ्यात मोठा नियम म्हणजे गिऱ्हाईक काहीही बोललं तरी हसायचं. आता खुर्चीत बसलेली बायकामाणसं काय काय बोलतात म्हणता? तुझे स्वतःचे केस असे झाडूसारखे का? अजून लग्न नाही? काही अडचण आहे का? मागच्या वेळी त्या दुसरीने छान कापले होते. हे सगळं ऐकून करवतीने हसायचं. आमची करवत. एकदा मला म्हणाली, "मावशी, संध्याकाळी घरी जाते ना, तेव्हा गाल दुखतात. तोंड बंद ठेवायचंय ना? ठेवते. पण छातीवर काय लिहायचं ते कुणी ठरवलेलं नाहीये."

आणि तिने काळा टी-शर्ट छापून आणला. वर पांढऱ्या अक्षरांत, "सल्ला देऊ नका, कात्री माझ्या हातात आहे."

पण गंमत अशी की पार्लरमध्ये गिऱ्हाईक तिला समोरून बघतच नाही, आरशात बघतं. आरशात अक्षरं उलटी. मग एकेक जण "काय गं लिहिलंय?" म्हणत मान वळवायला लागला, आणि कात्री कानाजवळ असताना मान वळवणं म्हणजे कानावर पाणी सोडणं. तेव्हा करवतीने छापणाऱ्याला सांगितलं, अक्षरं उलटीच छाप. म्हणजे आरशात सुलटी. छापणारा म्हणाला, पैसे परत मागायला येऊ नकोस. त्यानंतर रस्त्याने जाताना लोक तिच्याकडे टकामका बघायचे. बसमध्ये एका आजोबांनी विचारलं, "बाळ, ही कुठल्या देशाची भाषा?" ही म्हणाली, "आमच्या घरची."

पहिला टी-शर्ट सगळ्यांना आवडला. दुसरा आला, "नवऱ्याला विचारायचं असेल तर आधी विचारून या." त्यावरही हशा. बायका फोटो काढायच्या. राणीसाहेबांनी नाक मुरडलं, पण गर्दी वाढत होती, म्हणून मुरडलेलं नाक तसंच ठेवून गप्प राहिल्या. मग तिसरा आला. "थोबाड तुमचं आहे, मी फक्त केस कापते."

खरं सांगते, मला तो वाचून ठसका लागला. मी म्हटलं, "हे जरा जास्त होतंय." ती म्हणाली, "जास्तच करायचंय."

एका दुपारी, करवतीच्या अंगात तो तिसरा टी-शर्ट असताना, एक बाई आली. शांत, नीटनेटकी, आजारपणातून उठलेली. आजारात चेहऱ्याची एक बाजू उतरली होती, ओठाचा कोपरा खाली, एक डोळा अर्धा मिटलेला. खुर्चीत बसली, आरशात बघितलं, आणि दोन्ही डोळे मिटून घेतले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. करवतीला वाटलं, झोप लागली असेल, ड्रायरच्या गरम वाऱ्यात लागते पुष्कळांना. केस कापून झाले, कापड काढलं. बाई उठली, पाठ आरशाकडे करून पर्स उघडली आणि म्हणाली, "हात हलका आहे हो तुमचा. फक्त आरशात बघवलं नाही." तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. गेली. राणीसाहेब तिथेच उभ्या होत्या.

"उद्यापासून टी-शर्ट बंद," त्या म्हणाल्या.

करवत तणतणत माझ्याकडे आली. चपला एक इकडे, एक तिकडे.

"विनोद आहे तो, मावशी. सगळे हसतात. एका बाईला विनोद कळला नाही म्हणून मी का बंद करू?"

"तिला कळला गं. तोच तर त्रास."

"तू पण त्यांच्याच बाजूची."

"मी कुणाच्या बाजूची नाही. माझे मानेवरचे केस वाढलेत, तेवढे काप. आणि तो टी-शर्ट घालूनच काप."

मी कपाटाच्या आरशासमोर स्टूल ओढून बसले. ती मागे उभी राहिली. तिने माझं डोकं जरा पुढे केलं, दोन बोटांनी धरलं आणि कापायला लागली. मी वाचलं आणि हसले. परत वाचलं, तेव्हा हसू अर्ध्यावर राहिलं. तिसऱ्यांदा डोळे वर गेले तर अक्षरं बाजूलाच राहिली आणि हनुवटीखालची माझी लोंबणारी कातडी दिसली, नाकाशेजारचा चामखीळ दिसला, सकाळी नीट न पुसलेलं काजळ दिसलं.

"बास," मी म्हटलं. "मी तुझी मावशी आहे, मला तुझं सगळं चालतं. पण मलाही आता माझं थोबाडच दिसायला लागलं."

तिचा कंगवा थांबला. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "रस्त्यात कुणी असलं काही घालून चाललं तर माणूस मान फिरवून निघून जातो. इथे मान मी धरून ठेवलेली असते."

तिने मान सोडली. टी-शर्ट दुसऱ्या दिवसापासून सायकल पुसायला गेला. पार्लरमध्ये साधा काळा, काहीही न लिहिलेला. चपला शिवणाऱ्याने विचारलं, आज कोरा कसा? ही म्हणाली, "शाई संपली." त्या बाईची वाट तिने पुष्कळ बघितली, पण बाई परत आली नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला सांगायला बसलेच नसते. करवत शहाणी झाली यात काय सांगण्यासारखं आहे, सगळ्यांच्याच मुली कधी ना कधी होतात.

झालं असं की राणीसाहेबांच्या डोक्यात कल्पना शिरली. ही पोरगी छातीवर लिहून गर्दी जमवते, मग आपणच का लिहू नये? त्यांनी सगळ्या मुलींसाठी गुलाबी एप्रन शिवून आणले. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत, "वय दिसू देऊ नका." आणि छापलं कसं म्हणता? उलटं. आरशात सुलटं दिसेल असं. करवतीवर डोळे वटारता वटारता तिची युक्ती मात्र बाईंनी बरोबर उचलली होती.

एप्रन आले त्या सकाळी मी खुर्चीत होते. केस ओले, गळ्याभोवती कापड, अर्धं डोकं चिमट्यांनी बांधलेलं. बाकीच्या मुली गुलाबी. करवत काळी. राणीसाहेब आल्या.

"एप्रन कुठे?"

"खुंटीला."

"खुंटी नोकरीला आहे का इथे?"

मला हसू आलं. करवतीने माझ्या टाळूवर बोट दाबलं. "मावशी, मान हलवू नकोस."

"मॅडम," ती म्हणाली, "माझा टी-शर्ट तुम्ही काढायला लावलात. मला तेव्हा राग आला होता. पण बरोबर केलंत. आता हे एप्रनही काढायला लावा."

"तो अपमान होता. ही जाहिरात आहे."

"माझ्या खुर्चीत कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे. ही बसलीये बघा. हिने सगळं डोकं पांढरं होऊ दिलंय. दिसतंय हिचं वय. हिच्या मानेला धरून हिला मी काय वाचायला लावू?"

"अहो, मुळीच दिसत नाही वय तुमचं," राणीसाहेब मला म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या, बिचाऱ्या.

"दिसतंय की," मी म्हटलं. "इतकी वर्षं जगून दिसणार नाही तर काय. लपवायला मी काय चोरी करून आणलंय?"

"मावशी, मान."

म्हणजे बघा, माझ्यावरून भांडण, आणि मला मान हलवायची बंदी. तोंड चालवलं तरी कात्रीला धक्का. मी मुकाट्याने आरशात दोघींना बघत बसले. मला इतकं गप्प बसवणं माझ्या नवऱ्यालाही कधी जमलं नव्हतं.

"हे बघ," राणीसाहेब जरा नमल्या, "बाहेर सगळीकडे हेच लिहिलेलं असतं. डब्यांवर, बाटल्यांवर, भिंतींवर. मी काही वेगळं लिहिलं नाहीये."

"भिंतीकडे पाठ करता येते."

"रंगाचं गिऱ्हाईक कमी झालंय तुझ्यामुळे. माहीत आहे ना?"

"आहे. पण कापायचं वाढलंय, तेही माहीत आहे तुम्हाला. रंग लावायला मी कधी नाही म्हटलेलं नाही. जी मागेल तिला लावते, आणि तुमच्या दुकानात माझ्याइतका नीट कुणी लावत नाही. पण बाई आत येऊन बसल्याबरोबर तिला तू म्हातारी झालीस म्हणून सांगायचं, ते मी करणार नाही. थोबाड म्हणणं आणि हे, एकच आहे. माझं निदान हसवत तरी होतं."

पलीकडच्या खुर्चीतली बाई डोक्याला फेस लावलेल्या अवस्थेत म्हणाली, "मला तर आवडलं बाई एप्रनवरचं वाक्य." लगेच ड्रायर सुरू झाला, आणि पुढे तिला काय आवडलं ते त्या आवाजात बुडालं.

राणीसाहेबांनी हाताची घडी घातली. आता त्या मालकीण झाल्या. "खिडकीत उभं राहणाऱ्याने पार्लरचा एप्रन घालायचा. लोक बाहेरून बघतात. घालायचा नसेल तर शेवटची खुर्ची घे. तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. बोल."

शेवटची खुर्ची म्हणजे बेसिनला चिकटून. तिथे उजेड नाही, नळाचे शिंतोडे उडतात, आणि ड्रायरचं बटण दाबलं की दिवा मिणमिणतो. तिथून खिडकीपर्यंत यायला माझ्या भाचीची सगळी उमेदीची वर्षं गेली होती. मी आरशात तिचा चेहरा बघितला. तिचे डोळे एकदा काचेकडे गेले, बाहेर ऊन होतं, औषधवाल्याच्या पायरीवर कुणीतरी छत्री दुरुस्त करत बसलं होतं. मला वाटलं, घालेल. मी मनात म्हटलं, घाल बाई, एक एप्रन तर आहे, मी डोळे मिटून बसेन, आपल्या घरातलीच आहे मी.

"मावशी, ऊठ," ती म्हणाली.

मी उठले. ओलं डोकं, चिमटे, अंगावरून लोळणारं कापड, अशी मी त्या भिंतभर आरशासमोरून सगळ्या खुर्च्यांच्या पाठीमागून चालत शेवटपर्यंत गेले. मिरवणुकीत निघाल्यासारखी. करवत मागून कात्र्यांचा पट्टा, कंगवे आणि पाण्याची फवारायची बाटली घेऊन. मी कुजबुजले, "अगं, चिमटे तरी काढ, लोक बघतायत." ती म्हणाली, "बघू देत. वय दिसू देत."

घरी धाकटीने डोक्याला हात लावला. "एवढ्याशा कापडासाठी खुर्ची घालवली. हिला कोण समजावणार?" माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच डोक्यावर चढवून ठेवलीयेस." ते खरं होतं, म्हणून मी चहा टाकायला उठले.

आता पलटण सगळीच्या सगळी मागे गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. काही जणी खिडकीतच राहिल्या. उजेड सोडवत नाही माणसाला, आणि त्या खुर्चीवर आलेली नवी मुलगी गोड आहे, हात शिकाऊ असला तरी हसरी आहे. एक जण तर करवतीला म्हणाली, "तुझं बरोबर आहे गं, पण तिकडे नळाचं पाणी उडतं." पण बऱ्याच जणी आल्या. खिडकीपुढून सरळ चालत, काठी टेकत, एकमेकींना सांभाळत शेवटच्या खुर्चीपर्यंत. तिथे बसायला जागा नाही म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. करवतीने घरून टेबलावरचा दिवा आणून आरशाला बांधला. दिवा जरा वाकडा आहे, त्यामुळे सगळ्यांचे उजवे कान भारी दिसतात.

राणीसाहेब तिच्याशी कामापुरतं बोलत होत्या. "टॉवेल संपलेत." "नळ बंद कर." स्वतः मात्र त्या रोज गुलाबी एप्रन घालून काउंटरवर. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी बघतेच असलं. त्यांचा रंग आजवर करवतच लावायची, दुपारी पार्लर रिकामं असताना. भांडण झाल्यापासून त्यांनी तो कुणाकडूनच लावून घेतला नव्हता. भांगात पांढरी रेघ उमटली, मग रेघेचा पट्टा झाला. त्या डोक्याला रुमाल बांधून यायला लागल्या. खाली एप्रनवर ते वाक्य आणि वर डोक्याला रुमाल. गिऱ्हाइकं काही बोलायची नाहीत, पण बायकांची नजर कुठे जाते ते काय मला सांगायला हवं?

परवा दुपारी मी शेवटच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून करवतीला डबा खायला लावत होते. पार्लर सुनं. बाकीच्या मुली बाहेर पायरीवर. राणीसाहेब काउंटरमागून उठून आमच्याकडे आल्या. रुमाल सोडला.

"मुळं दिसायला लागलीत," त्या म्हणाल्या. "लावतेस?"

"लावते की. मी नाही कधी म्हटलंय?"

त्या खुर्चीकडे वळल्या आणि थांबल्या. समोर आरसा. त्यांनी स्वतःकडे बघितलं, छातीवरच्या अक्षरांकडे बघितलं. एप्रन आल्यापासून गिऱ्हाइकाच्या जागी त्या पहिल्यांदाच बसत होत्या. दोन्ही हात पाठीमागे नेले, गाठ सोडली, एप्रन काढला. कुठे ठेवावा ते सुचेना तेव्हा माझ्याकडे दिला. मी घडी घालून मांडीवर ठेवला, अक्षरं आतल्या बाजूला. आणि मी काहीही बोलले नाही. विचारा करवतीला.

राणीसाहेब बसल्या. करवतीने त्यांच्या गळ्याभोवती कापड टाकलं, दिव्याची मान वाकवली, आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं.

"एप्रनचं नंतर बोलू," त्या म्हणाल्या.

"बोलू," करवत म्हणाली. "पण आत्ता मान सरळ ठेवा."